कुलाब्यात न सापडलेलं पनवेल

पनवेलच्या एका वाचनालयात एक ज्येष्ठ ग्रंथपाल होते. संदर्भ विभाग बंद करून तिथे अभ्यासिकेच्या खुर्च्या मांडाव्यात, असा ठराव कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत येणार होता. ठराव मांडणारे सभासद भले गृहस्थ होते. जुनी गॅझेटिअरं, विश्वकोश आता घरबसल्या फुकट वाचता येतात, मग ही कपाटं कशाला, असं त्यांचं म्हणणं. यातलं पहिलं वाक्य ग्रंथपालांनाही मनापासून पटत होतं. मराठी विश्वकोश इंटरनेटवर आला तेव्हा त्यांनीच तो वाचकांना उघडून दाखवला होता. वाचकाचा वेळ वाचवा, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या १९३१ च्या पंचसूत्रांतलं एक सूत्र. ज्या साधनानं तो वेळ वाचतो, ते ग्रंथपालाला परकं का वाटावं?

एके दुपारी कॉलेजातली एक मुलगी आली. तिला जुन्या पनवेलच्या कारागिरांवर प्रकल्प लिहायचा होता.

"काका, इंग्रजांनी पनवेलबद्दल काही लिहिलंच नाही वाटतं. एआयला जिल्हा विचारला. रायगड म्हणाला, पूर्वीचं नाव कुलाबा. म्हणून मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा कुलाब्याचा खंड डाउनलोड केला, अकरावा. त्यात पनवेल तालुकाच नाही!"

एआयचं उत्तर बरोबर होतं. खंडही अस्सल होता. तरी मुलगी रिकाम्या हातानं बसली होती.

"खंड कोणत्या सालचा गं?" ग्रंथपालांनी विचारलं.

"१८८३."

"आणि पनवेल कुलाब्यात कधी आलं?"

हे तिनं विचारलंच नव्हतं. थोडं शोधून ती म्हणाली, "१८८३ मध्येच! त्याआधी ठाणे जिल्ह्यात होतं."

"मग आता कुठे बघशील?"

मला या गोष्टीत हीच जागा मोलाची वाटते. कपाटातला खंड काढून तिच्यापुढे ठेवणं ग्रंथपालांना सोपं होतं. ते थांबले. मुलीनं फोनवरच ठाण्याचे खंड चाळले. ठिकाणांची माहिती देणाऱ्या चौदाव्या खंडात, १८८२ सालच्या, पनवेल भेटलं: बंदर, घाटाकडे जाणारा रस्ता, आणि बैलगाड्यांची चाकं घडवण्याचा धंदा. देशावरचे गाडीवान परतताना पनवेलची चाकं घेऊन जात. तिला हवे होते ते कारागीर हेच.

ठराव मांडणारे सभासद शेजारच्या टेबलावर वर्तमानपत्र वाचत होते. ते म्हणाले, "पण हे सगळं तिच्या फोनमध्येच होतं की."

"होतं ना," ग्रंथपाल म्हणाले. "सकाळपासून होतं. जिल्ह्याच्या सीमा सरकतात, छापलेली पानं जागची हलत नाहीत. कोणत्या वेळी कोण कुठे होतं, हे आधी विचारावं लागतं. ते विचारायची सवय लावणं, हे माझं काम. कपाटं त्यासाठी आहेत, आणि तो फोनसुद्धा."

सभासद काही बोलले नाहीत. तेवढ्यात पलीकडे बसलेला एक मुलगा मुलीला म्हणाला, "मला पण कुलाब्याच्या त्याच खंडात कर्जत सापडत नाहीये."

मुलीनं ग्रंथपालांकडे पाहिलं नाही. खुर्ची त्याच्याकडे वळवून तिनं विचारलं, "कर्जत कुलाब्यात कधी आलं, ते बघितलंस का?"

त्यानं शोधलं. "१८९१," तो म्हणाला, आणि कुलाब्याचा खंड बंद करून ठाण्याचा उघडला.