रुपे गाळणारा आणि त्याचा मजूर

दिल्लीच्या करोल बागेत दागिन्यांच्या झगमगत्या दुकानांवरून पुढे जाऊन बिडनपुरा, रैगरपुरा या भागांतील अरुंद गल्ल्यांत शिरले की भट्टीचा वास येतो आणि कधीकधी अस्सल माणदेशी मराठी कानावर पडते. सांगली जिल्ह्यातील खानापूर, आटपाडी, तासगाव आणि शेजारचे माण, खटाव, सांगोला या दुष्काळी तालुक्यांतील माणसे गेल्या काही पिढ्यांत गलाईचा धंदा घेऊन देशभर पसरली. सोने-चांदी गाळून शुद्ध करणे हे त्यांचे काम. सोनाराच्या दुकानातील केर, कारागिराच्या हात धुतलेल्या पाण्यातील गाळ, जुनी बसकरे, झिजलेल्या मुशी यांतूनही ते सोने काढतात. आपल्याकडे पूर्वी अशा माणसाला झारेकरी म्हणत.

अशा एका दुकानाच्या दारात मी एका दुपारी बराच वेळ उभा होतो. ख्रिस्ती माणूस भट्टीपाशी उभा राहिला की त्याला मलाखी संदेष्टा आठवणारच. चांदी निर्मळ करणारा कारागीर बसतो तसा परमेश्वर बसेल आणि लेवीच्या वंशजांना शुद्ध करील, असे तेथे सांगितले आहे (मलाखी ३:३). आपल्या मंडळ्यांत या वचनाला जोडून एक दाखला नेहमी दिला जातो: चांदी शुद्ध झाली हे कारागिराला केव्हा कळते? तिच्यात त्याला स्वतःचे मुख दिसते तेव्हा. हा दाखला शास्त्रात नाही, पण अगदीच निराधारही नाही. शिसे घालून चांदी गाळण्याच्या प्राचीन रीतीत अखेरीस वरचा मळकट पापुद्रा फाटतो आणि चांदी एकाएकी झळकते. त्या क्षणावर नजर ठेवावी लागते, म्हणून कारागीर बसून राहतो. यिर्मयालाही ही रीत ठाऊक होती. भाता जळला, शिसे संपले, तरी मळ निघाला नाही, अशी त्याची व्यथा आहे (यिर्मया ६:२९).

मी स्वतः हा दाखला उपासनेत एकापेक्षा अधिक वेळा दिला आहे, दुःखी माणसांचे सांत्वन करताना तर विशेषच. त्या दुपारी मात्र तो मला आठवेना. समोर एक अठरा-वीस वर्षांचा मुलगा भांड्यात तेजाब ओतीत होता. तेजाबात चांदी व तांबे विरघळते आणि सोने तपकिरी भुकटीच्या रूपाने तळाशी उरते. त्या वेळी वर येणारा तांबूस धूर फुप्फुसांना घातक असतो आणि त्याची बाधा पुष्कळदा काही तासांनी जाणवते. मुलाने नाकाला रुमाल बांधला होता. ओलसर सुती रुमाल. मी चांदीत परमेश्वराचे मुख शोधीत होतो आणि या मुलाचे मुख रुमालाआड होते.

घरी येऊन मलाखीचा तिसरा अध्याय पुन्हा काढला. तेव्हा दोन गोष्टी दिसल्या. पहिली अशी की, तेथे भट्टीत घातले जातात ते लेवीचे वंशज, म्हणजे वेदीपाशी सेवा करणारे. ज्यांनी आंधळी, लंगडी जनावरे अर्पण म्हणून स्वीकारली त्यांची ती शुद्धी आहे. आपण ते वचन उचलून रुग्णाच्या उशाशी नेतो आणि याजकाला मोकळे सोडतो. दुसरी गोष्ट अवघ्या दोन वचनांवर आहे. परमेश्वर न्यायासाठी जवळ येईल तेव्हा ज्यांच्याविरुद्ध साक्ष देईल त्यांच्या यादीत जादूगार, व्यभिचारी आणि खोटी शपथ वाहणारे यांच्याबरोबर मजुराची मजुरी बुडविणारे आहेत (३:५). तिसऱ्या वचनावर मी किती प्रवचने ऐकली! पाचव्यावर एकही ऐकल्याचे स्मरत नाही.

रोजच्या जीवनातून आध्यात्मिक धडे शोधणे आपल्याला आवडते. आपण वस्तूचा दाखला करतो, दाखल्याचे तात्पर्य काढतो आणि वस्तू तेथेच टाकून पुढे जातो. यहूदी परंपरेतही असे दाखले विपुल आहेत. सोळाव्या शतकात सफेद येथील इसहाक लूरियाच्या शिकवणीत, सृष्टीच्या कणाकणांत दडलेल्या दिव्य ठिणग्या वर उचलण्याची कल्पना आहे. झारेकऱ्याच्या केराशी ती किती सहज जुळते! मोह पडतोच. पण त्या परंपरेचा दुसरा, अधिक रुक्ष भाग मला आता जास्त मोलाचा वाटतो. तेथे शास्त्री व्यवहाराकडे पाहून आधी विचारतात की, येथे कोणाचे काय देणे लागते?

तालमुदातील एक कथा अशी आहे. रब्बा बार बार हाना याच्या हमालांनी द्राक्षारसाचे पिंप फोडले. त्याने भरपाई म्हणून त्यांची वस्त्रे ठेवून घेतली. हमाल रव या गुरूकडे गेले. रव म्हणाला, वस्त्रे परत दे. "हा कायदा आहे काय?" "होय, सज्जनांच्या मार्गाने चालावे म्हणून." हमाल म्हणाले, आम्ही गरीब आहोत, दिवसभर राबलो, भुकेले आहोत, हाती काही नाही. रव म्हणाला, त्यांची मजुरीही दे. पुन्हा तोच प्रश्न, आणि उत्तरात नीतिसूत्रांतल्या त्याच वचनाचा (२:२०) उरलेला अर्धा भाग. त्याच ग्रंथात अन्यत्र विचारले आहे की, मजूर उंच शिडीवर चढतो, झाडाला लोंबकळतो, जीव धोक्यात घालतो, तो मजुरीसाठीच ना? म्हणून मजुरी अडविणारा जणू त्याचा प्राणच घेतो. शिडीच्या जागी तेजाबाचे भांडे ठेवून पाहावे.

हे आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. याकोबाच्या पत्रात अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे (५:४). आणि आपल्याच कोकणात, कुलाबा जिल्ह्यात, बेने इस्राएल लोक तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी ते बंद ठेवीत. म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' हे नाव दिले. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले, त्याच्याही पुष्कळ आधीपासून, हिब्रूचे ज्ञान जवळजवळ लोपलेल्या त्या समाजाने ही एक आज्ञा घाण्यापाशी जपली होती. अनुवादात शब्बाथाच्या आज्ञेत बैलाचे नाव आहे आणि दासदासींना धन्यासारखाच विसावा मिळावा असे कारणही दिले आहे (५:१४). कोकणातल्या त्या बैलाला शनिवारी कोणी दाखला म्हणून पाहिले नसेल. तो फक्त जुंपला जात नव्हता.

करोल बागेचा बाजार सोमवारी बंद असतो. पुढे एका सोमवारी मी त्या गल्लीतून गेलो. बहुतेक शटर खाली होते. तो मुलगा पायरीवर बसून चहा पीत होता. आटपाडीकडचा, असे बोलण्यातून कळले. मी विचारले, "पगार दर महिन्याला मिळतो का?"

"नाही साहेब. खर्चाला लागेल तसे घेतो. हिशोब गावी जाताना होतो."

"आणि गावी केव्हा?"

"बघू. शेठ म्हणतील तेव्हा."

पाचवे वचन माझ्या ओठांवर आले होते. पण ते ऐकायला हवे होते असा माणूस त्या पायरीवर नव्हता. मी चहाचे पैसे देऊ लागलो, तर त्याने देऊ दिले नाहीत. म्हणाला, "तुम्ही आपल्याकडचे."