थांबलो होतो, पण कोणासाठी?



डिसेंबर २०२५ मधल्या एका शनिवारी आपल्या धर्मग्रामातील पदभ्रमण मंडळ तुंगारेश्वरच्या डोंगरात दिवसभराच्या भटकंतीला गेले. मीही गेलो. निमित्त होते संत पिएर जॉर्जिओ फ्रासाती यांचे. तुरिनचा हा तरुण इटलीच्या गिर्यारोहण क्लबचा सभासद होता. १९२५ साली, अवघ्या चोविसाव्या वर्षी तो वारला. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत म्हणून घोषित केले. डोंगर चढणारा संत मिळाल्यावर आपल्या तरुणांना घरी बसवणे कठीणच होते!

रविवारी मिस्सानंतर सूचना मीच वाचून दाखवली होती : "सर्वांनी यावे, वयाची अट नाही." हे वाक्य ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

महामार्ग मागे टाकून पूर्वेला जंगलात शिरलो की वसईची गर्दी पार विसरायला होते. २००३ पासून हे रान अभयारण्य आहे. देवळापर्यंत वाट रुंद, मधून मधून ओढे आडवे येतात. खरी चढण त्यानंतर. साग, ऐन, बांबू. वाळलेल्या पानांचा खच पडलेला, त्यावरून पाय सटकतो. आम्ही एकतीसजण होतो. वाट माहीत असलेला एक पुढे आणि सर्वांत मागे एक दादा. त्याला ही मंडळी 'टेल' म्हणतात. त्याच्या मागे कोणी राहता कामा नये, एवढेच त्याचे काम. पुढच्यांनी ठरावीक अंतरावर थांबायचे, मागचे आले की निघायचे. नियम साधा आणि चांगला.

मी पुढच्यांत होतो. फादरांना दम लागत नाही हे दाखवण्याची थोडी हौस होती, कबूल करतो. प्रत्येक थांब्यावर आम्ही दगडावर बसून पाणी प्यायचो, चिक्की खायचो, गप्पा मारायचो. पंधरा-वीस मिनिटांनी झाडीतून शेवटची माणसे दिसली की मी उठून टाळी वाजवायचो, "चला, आले सगळे! निघू या." चौथ्या थांब्यावर साठीच्या एक मावशी घामाघूम होऊन पोहोचल्या. माझी टाळी ऐकली आणि हसत म्हणाल्या, "फादर, तुम्ही थांबता आमच्यासाठी, पण बसता मात्र तुम्हीच."

सगळे हसले. मी पण हसलो. मग चढताना मनातल्या मनात हिशेब केला. चार थांब्यांत मला तासाभराहून जास्त विसावा मिळाला होता. मावशींना फार तर आठ-दहा मिनिटे. ज्याला विश्रांतीची गरज सर्वांत कमी त्याला ती सर्वांत जास्त आणि जिला सर्वांत जास्त तिला जवळजवळ नाहीच.

आता सांगा, यात चूक कोणाची? सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आम्ही चूक शोधायची म्हणजे कोणाच्या तरी इच्छेत शोधायचो. इथे कोणाचीच इच्छा वाईट नव्हती. पुढचे वाट पाहत होते, मागचे जिवाच्या आकांताने चालत होते. तरी अन्याय घडला आणि तोही सौजन्याचा नियम पाळून घडला. ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरच्या ग्रंथाच्या पाचव्या भागात न्यायाचा विचार करताना एक गोष्ट दाखवली आहे : समान नसलेल्यांना समान वाटा दिला की तिथूनच तक्रारी सुरू होतात. आम्ही तर समान वाटाही दिला नव्हता. निघण्याची वेळ तेवढी समान ठेवली होती.

पाचव्या थांब्याआधी मावशींनी हात टेकले. "तुम्ही जा, मी इथेच बसते," म्हणाल्या. जंगलात कोणाला एकटे सोडता येत नाही. टेलचा दादा त्यांच्याबरोबर खाली ओढ्यापाशी गेला आणि आम्ही माथ्यावर. वरून वसईची खाडी दिसली, फोटो निघाले. मला मात्र त्या दोघांची अनुपस्थिती टोचत होती.

परतताना आमच्यातल्या एका कॉलेजच्या मुलाने सरळ विचारले, "फादर, मग मी माझ्या वेगाने चालायचंच नाही का? हळू चालूनही पाय दुखतात." त्याचे म्हणणे खोटे नाही. शिवाय दिवस मोजका असतो. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, अंधारात त्या वाटेवर उतरणे हा वेडेपणा. १८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक हिशेब घालून दिला : सपाटीला साधारण पाच किलोमीटरला एक तास, वर प्रत्येक सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. आमच्या मंडळींनी त्यावरूनच वेळापत्रक आखले होते. त्या हिशेबात विसावा धरलेला नाही. विसावा शेवटचा माणूस बसल्यापासून मोजायचा आणि दहा मिनिटे द्यायचा ठरवले, तर पाच थांब्यांना पन्नास मिनिटे लागतात. ती कुठून आणायची? माथ्यातूनच. कदाचित माथा सोडूनच द्यावा लागेल.

म्हणून वेगवान माणसाने शरमिंदे व्हावे असे मला वाटत नाही. चार तरुण कठीण सुळका चढायला निघाले, तर मावशींसाठी त्यांनी तो सोडावा असे मी म्हणणार नाही. त्यांनी मावशींना बोलावलेले नसते. आम्ही बोलावले होते. वेदीजवळ उभे राहून "सर्वांनी यावे" असे मी म्हटले, तेव्हाच माथ्याचा सौदा झालेला होता, मला तो कळला नाही इतकेच. मावशींची दमछाक हे आमच्यावरचे ओझे नव्हतेच. आमचा शब्द आमच्यावर होता.

उत्पत्तीच्या पुस्तकात एसाव याकोबला बरोबर चालायला सांगतो, तेव्हा याकोब लेकरांकडे आणि दुभत्या गुराढोरांकडे बोट दाखवतो : एक दिवस जरी दामटले तरी कळप मरेल, तुम्ही पुढे व्हा, मी यांच्या चालीने येतो. याकोब काही सरळ माणूस नव्हे, एसावपासून लांब राहण्याचा त्याचा डावही त्यात असेल. तरी कळपाचे गणित त्याचे बरोबर होते.

खाली ओढ्यापाशी आलो तेव्हा मावशी आणि दादा भाकरी खाऊन निवांत बसले होते. मी माफी मागितली. त्यावर मावशींनी मला दादाची माफी मागायला लावली, "त्याचा डोंगर माझ्यामुळे राहिला." दादा म्हणाला, तो आधी तीनदा वर गेला आहे, पण ओढ्याकाठी दीड तास कधी बसला नव्हता. ते खरे की माझी समजूत काढण्यासाठी, कोण जाणे.

पुढची भटकंती फेब्रुवारीत आहे. माथा गाठायचा की नाही हे या वेळी आधीच ठरवून सूचनेत तसे लिहिणार आहोत. मावशींनी नाव दिले आहे, एका अटीवर : थांब्यावर टाळी त्या वाजवतील.