बिंदुनामावलीतला न्याय

भारतीय संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदातला दुसरा खंड सांगतो की धर्म, वंश, जात, लिंग, कूळ, जन्मस्थान किंवा निवास यांवरून सरकारी नोकरीत कोणालाही अपात्र ठरवता येणार नाही. चौथा खंड सांगतो की राज्याच्या सेवेत ज्या मागास वर्गाला पुरेसे प्रतिनिधित्व नाही असे राज्याचे मत होईल, त्याच्यासाठी पदे राखून ठेवता येतील. नोकरीतील आरक्षण न्याय्य आहे की तोही एक भेदभावच, हा वाद या दोन खंडांच्या मधल्या जागेत चालतो. व्यासपीठावर तो तत्त्वाच्या भाषेत रंगतो. न्यायालयांत आणि कचेऱ्यांत मात्र तो बहुतेक वेळा मोजणीवर येऊन ठेपतो: कोणती पदे मोजायची, कोणत्या घटकात मोजायची आणि किती वर्षांची मोजायची.

मोजणीचा हा प्रश्न संविधानाहून जुना आहे. 26 जुलै 1902 रोजी, शाहू महाराज इंग्लंडच्या दौऱ्यावर असताना, करवीर संस्थानाने नोकऱ्यांतील 50 टक्के रिकाम्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला. ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सगळे, अशी मागासवर्गाची व्याख्या त्यात होती. हुकुमातली पुढची अट अधिक महत्त्वाची आहे. ज्या कचेरीत या वर्गाचे लोक निम्म्याहून कमी असतील, तिथे पुढची नेमणूक त्यांच्यातूनच व्हावी आणि खातेप्रमुखांनी दर तिमाहीला तसे पत्रक पाठवावे, असे त्यात म्हटले होते. म्हणजे रिकाम्या जागांबरोबरच भरलेल्या खुर्च्यांकडेही पाहिले जात होते. सर्वोच्च न्यायालयाला ही बाब ठामपणे सांगायला 1995 उजाडावे लागले. पंजाबातील सभरवाल प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केले की आरक्षणाची टक्केवारी संवर्गातील एकूण पदांवर लावायची, त्या वर्षी निघालेल्या जागांवर नाही.

संविधान सभेत 30 नोव्हेंबर 1948 रोजी डॉ. आंबेडकरांनी या तरतुदीचा बचाव करताना तिची मर्यादाही सांगून टाकली. समान संधी हे तत्त्व आणि आजवर प्रशासनाबाहेर ठेवलेल्या समाजांचा प्रवेश ही गरज, या दोहोंचा मेळ घालायचा आहे. सत्तर टक्के जागा राखून तीसच खुल्या ठेवल्या तर पहिले तत्त्वच उरणार नाही, म्हणून राखीव जागा अल्पसंख्येतच राहाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. आरक्षणाचे समर्थक आणि विरोधक दोघेही या भाषणाचा आपापल्या सोयीचा अर्धा भाग उचलतात.

या मर्यादेची पहिली मोठी कसोटी देवदासन खटल्यात लागली. केंद्रीय सचिवालयातील एका वर्षीच्या 45 नेमणुकांपैकी 29 अनुसूचित जाती-जमातींकडे गेल्या होत्या. त्या वर्षीचे आरक्षण एवढे नव्हते. आधीच्या वर्षांत न भरलेल्या राखीव जागा पुढे ओढल्यामुळे आकडा फुगला. एका वर्षाच्या चौकटीत पाहिले तर खुल्या उमेदवारांवर अन्याय दिसतो, आणि 1963 मध्ये बहुमताने तसाच निकाल दिला. तीन वर्षांच्या चौकटीत पाहिले तर तो फक्त थकलेला हिशेब आहे. न्या. सुब्बाराव यांचा भिन्नमताचा निकाल या दुसऱ्या बाजूचा होता. 1975 च्या थॉमस खटल्यापासून न्यायालयाचा कल त्यांच्याकडे झुकला. 2000 साली 81वी घटनादुरुस्ती होऊन अनुशेषाच्या जागा चालू वर्षाच्या 50 टक्क्यांत धरायच्या नाहीत, असे ठरले.

16 नोव्हेंबर 1992 चा इंद्रा साहनी निकाल आजच्या व्यवस्थेचा पाया आहे. मंडल आयोगाच्या शिफारशीवरचे 27 टक्के आरक्षण नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने टिकवले, पन्नास टक्क्यांची मर्यादा घातली, मागासवर्गातील पुढारलेला थर वगळायला सांगितले आणि चौथा खंड हा समानतेला अपवाद नसून तिचाच भाग आहे, हे मान्य केले. तत्त्वाचा वाद कायद्यापुरता इथे मिटला. त्यानंतर भांडण उरले ते अंमलबजावणीचे.

अंमलबजावणीचे हत्यार म्हणजे बिंदुनामावली. ती ज्यांनी पाहिली नाही त्यांना आरक्षण म्हणजे एका ढिगातून काढून ठेवलेला वाटा वाटतो. प्रत्यक्षात ती एक क्रमवार नोंदवही असते. केंद्राच्या सरळसेवेत इतर मागासवर्गाला 27, अनुसूचित जातींना 15, आर्थिक दुर्बलांना 10 आणि अनुसूचित जमातींना साडेसात टक्के आहेत. पदागणिक टक्केवारी साठत जाते आणि बेरीज एक पूर्ण झाली की त्या प्रवर्गाचा बिंदू येतो. 27 टक्क्यांची बेरीज चौथ्या पदावर पूर्ण होते, 15 ची सातव्यावर, 10 ची दहाव्यावर आणि साडेसातची थेट चौदाव्यावर. महाराष्ट्रात मूळ आरक्षण 52 टक्के आहे आणि त्यात विमुक्त जाती व भटक्या जमातींचे चार वेगळे गट आहेत. त्यामुळे इथली नामावली अधिकच गुंतागुंतीची होते. भरतीचे मागणीपत्र जाण्याआधी ही वही विभागीय आयुक्तालयाच्या मागासवर्ग कक्षाकडून, म्हणजे कचेरीच्या बोलीत ‘मावक’कडून, तपासून आणावी लागते. कितीतरी जाहिराती या टेबलावर महिनोन्महिने अडकतात.

या चौदाव्या बिंदूवर बरेच काही अवलंबून असते. 2017 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने अध्यापकांच्या आरक्षणासाठी विद्यापीठाऐवजी विभाग हा घटक धरावा, असा निर्णय दिला. टक्केवारीला कोणी हात लावला नव्हता. पण चार अध्यापकांच्या विभागात चौदावी नेमणूक व्हायला दोन पिढ्या जातील; तोवर आदिवासी उमेदवारासाठी त्या विभागात राखीव जागाच नाही. देशभर आंदोलने झाली आणि 2019 मध्ये संसदेने कायदा करून विद्यापीठ हाच घटक पुन्हा ठरवला. एकाकी पदाला तर आरक्षण लागूच होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1998 मध्ये ठरवले आहे. ते तर्काला धरून आहे, कारण एकाच पदावर आरक्षण म्हणजे शंभर टक्के आरक्षण. पण हाच तर्क वापरून पदे सुटी सुटी दाखवली की आरक्षण गुपचूप नाहीसे होते. केंद्रीय सचिवालयात बाहेरच्या तज्ज्ञांना थेट घेण्याची 45 पदांची जाहिरात ऑगस्ट 2024 मध्ये निघाली. तीत आरक्षण नव्हते, आणि तीन दिवसांत ती मागे घ्यावी लागली.

उलट बाजूची चूक ‘खुला’ प्रवर्ग म्हणजे उच्चवर्णीयांचा कोटा असे समजण्याची. उत्तर प्रदेशातील पोलीस शिपाई भरतीत खुल्या महिला गटातील शेवटच्या निवडलेल्या उमेदवाराला 274.82 गुण होते. इतर मागासवर्गातील एका उमेदवाराला 276.59 गुण मिळूनही ती बाहेर राहिली, कारण तिला तिच्याच प्रवर्गात मोजले गेले. डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत चुकीची ठरवली: खुली जागा सर्वांची, तिला लागते ती फक्त गुणवत्ता. महाराष्ट्रातील महिलांच्या 30 टक्के समांतर, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या आतच मोजल्या जाणाऱ्या, आरक्षणातही हाच गोंधळ अनेक वर्षे चालला. भेदभाव या शब्दाला खरोखर पात्र ठरेल असा प्रकार हाच, आणि तो आरक्षणाच्या नावाने आरक्षित उमेदवारांविरुद्ध झाला.

गुणवत्तेचा आक्षेप अधिक गंभीरपणे घ्यायला हवा. नेमणुका करताना प्रशासनाची कार्यक्षमता सांभाळावी, असे अनुच्छेद 335 सांगतोच. अश्विनी देशपांडे आणि थॉमस वाइसकॉफ यांनी 1980 ते 2002 या काळातील भारतीय रेल्वेची आकडेवारी तपासली, तेव्हा आरक्षणामुळे उत्पादकता घटल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. एका खात्याचा अभ्यास सगळ्या खात्यांचे उत्तर नव्हे, पण ‘रेल्वे बुडाली’ छापाची विधाने पुराव्याशिवाय केली जातात, एवढे त्यातून दिसते.

थोडक्यात हुकलेल्या उमेदवाराचे दुःख मात्र युक्तिवादाने कमी होत नाही. कायदा म्हणतो की नेमणुकीचा हक्क कोणालाच नसतो, विचार होण्याचा असतो. हे बरोबर असले तरी अपुरे आहे. महाराष्ट्रात खुल्या उमेदवाराची वयोमर्यादा 38 वर्षे, मागासवर्गीयाची 43. मे 2020 मध्ये राज्याने नवी पदभरती थांबवली, तेव्हा खुल्या उमेदवाराची वर्षे आधी संपत होती. जाहिरात न निघाल्याने गेलेली संधी राखीव बिंदूच्या नावावर लिहिली जाते. भरती नियमित झाली असती तर या रागातला बराचसा भाग उरलाच नसता.

आरक्षित गटांच्या आतही न्यायाचा प्रश्न आहे, आणि तिथे व्यवस्था अधिक उघडी पडते. इतर मागासवर्गात वार्षिक आठ लाखांपुढचे कुटुंब पुढारलेले ठरते. खुल्या वर्गात आठ लाखांखालचे दुर्बल. पहिल्या ठिकाणी पगार आणि शेतीचे उत्पन्न धरत नाहीत, दुसऱ्या ठिकाणी सगळे धरतात, तरी आकडा तोच. आर्थिक दुर्बलांचे आरक्षण 7 नोव्हेंबर 2022 रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी टिकले; त्यातून अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गांतील गरिबांना वगळणे योग्य की नाही, यावर न्यायाधीशांतच मतभेद होते. 1 ऑगस्ट 2024 रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने अनुसूचित जातींचे उपवर्गीकरण सहा विरुद्ध एक मताने मान्य केले. मातंग समाजाची ही जुनी मागणी आहे. कोणत्या जातीला किती पदे मिळाली याचा हिशेब तिच्यासाठी लागेल, आणि बिंदुनामावलीतले बिंदू प्रवर्गानुसार ठरतात, जातीनुसार नाहीत.

खासगी क्षेत्रावर सोळाव्या अनुच्छेदाचे बंधन नाही. तिथे भेदभाव नाही असे समजण्याला सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांच्या 2007 मधील अभ्यासाने धक्का दिला. वर्तमानपत्रांतील जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले गेले. फरक फक्त आडनावांचा आणि नावांचा. दलित नावाच्या अर्जाला पुढचा निरोप येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत सुमारे दोन तृतीयांश होती, मुस्लिम नावाच्या अर्जाला सुमारे एक तृतीयांश.

सरकारी कामही आता त्या दिशेने सरकत आहे. केंद्र सरकारच्या नियमानुसार 45 दिवस किंवा त्याहून अधिक काळाच्या तात्पुरत्या नेमणुकांनाही आरक्षण लागू आहे. पण माणसे एजन्सीमार्फत आली की नेमणूक सरकारची राहत नाही. महाराष्ट्रात सप्टेंबर 2023 मध्ये बाह्ययंत्रणेमार्फत मनुष्यबळ घेण्याचा शासन निर्णय निघाला आणि विरोध वाढल्यावर ऑक्टोबरमध्ये रद्द झाला. सफाई, सुरक्षा, संगणक चालक यांची कामे मात्र कितीतरी कचेऱ्यांत त्याआधीपासूनच ठेकेदाराकडे आहेत, आणि त्या माणसांची नावे कोणत्याही बिंदुनामावलीत चढत नाहीत.