ठरलेली कुस्ती

१९६८ मध्ये मुंबईत दारासिंगांनी लू थेझला हरवलं. अशा व्यावसायिक कुस्त्यांचा निकाल आधीच ठरतो, हे उघड गुपित. आपल्याकडे त्याला ‘नुरा कुस्ती’ म्हणतात, जवळपास शिवीसारखं.

मग प्रेक्षक फसले का? मला नाही वाटत. नाटकातला खून खोटा म्हणून कुणी तिकिटाचे पैसे परत मागत नाही. डेमोत हाताने भरलेले आकडे खरे म्हणून दाखवले, तर मात्र क्लायंट फसतो. (आमच्या धंद्यात हे चालतं.) आमच्या कुंभिवलीकडच्या जत्रेत कुणी नुरा लढला तर तीही लबाडीच, कारण इनाम गावच्या वर्गणीचं, खऱ्या लढतीसाठी ठेवलेलं. डाव तेच, शब्द दिलेला वेगळा.

पाठ मात्र दोन्हीकडे खरीच आपटते. आणि कुठल्याच कंपनीशी करार नसलेला पैलवान गुडघ्याच्या ऑपरेशनचं बिल स्वतःच भरतो.