जरीपटक्यातून रोहिंग्यांकडे

आम्ही नागपूरकर. 'निर्वासित' हा शब्द आम्हांला पुस्तकातून शिकावा लागला नाही. फाळणीनंतर सिंधहून आलेल्यांनी इथे जरीपटका वसवला. पाकिस्तानातून माणसे पुढेही येत राहिली आणि दीर्घ मुदतीच्या व्हिसावर वर्षानुवर्षे नागरिकत्वाची वाट पाहत राहिली. २०१६ साली केंद्राने अशांना नागरिकत्व देण्याचे अधिकार काही जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपवले, त्यांत नागपूरही होते. राहायला घर घ्यायची, बँकेत खाते उघडायची मुभा मिळाली. चांगलेच झाले.

पण त्या यादीत सहा धर्म होते, मुसलमान नव्हते. २०१९ च्या कायद्यातही तेच, शिवाय म्यानमारचे तर नावच नाही. तिथल्या १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने रोहिंग्यांना त्यांच्याच मुलखात परके ठरवले. २०१७ च्या ऑगस्टपासून सात लाखांवर माणसे सरहद्द ओलांडून बांगलादेशात गेली. भारतात पोहोचलेल्यांच्या हाती राष्ट्रसंघाच्या निर्वासित आयोगाचे कार्ड असते. सरकार त्याला मानत नाही, कारण १९५१ च्या निर्वासित करारावर आपली सहीच नाही.

जम्मूत अटकेत असलेल्या रोहिंग्यांचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला, त्यावर एप्रिल २०२१ मध्ये आदेश झाला. समता आणि जीवित यांचा हक्क नागरिक नसलेल्यालाही आहे, हे न्यायालयाने मान्य केले. मात्र परत न पाठवले जाण्याचा हक्क देशात राहण्याच्या हक्काला जोडलेला, म्हणून तो फक्त नागरिकांचा. रीतसर कार्यवाही करून पाठवता येईल. आता ज्याला जिवाच्या भीतीने पळावे लागले, त्याला तिथेच धाडल्यावर जीविताचा हक्क राहतो कुठे? हे कोडे आम्हांला सुटलेले नाही.

मात्र हे विचारताना आम्ही स्वतःलाही चाचपून पाहतो. रोहिंग्यांसाठी आमचा गळा दाटून येतो तो ते बेघर म्हणून, की कलमा पढणारे म्हणून? मक्केतून पहिली हिजरत हबशाला झाली. आसरा देणारा नजाशी तेव्हा ख्रिस्ती होता. आम्ही हे वाझमध्ये कौतुकाने ऐकतो आणि घरी येतो.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसे रद्द झाले. दीर्घ मुदतीचे हिंदूंचे व्हिसे कायम आहेत, असा खुलासा सरकारने लगेच केला, तरी मधल्या वेळेत जरीपटक्यातल्या कित्येक घरांत कागदांच्या पिशव्या बाहेर निघाल्या असतील. आम्ही राहतो तिथून जरीपटका रिक्षाने फार तर अर्ध्या तासावर. आमच्यापैकी कुणीही तिकडे फिरकले नाही. 'त्यांचे सरकार आहे, बघून घेईल,' असे आम्ही चहा पिताना म्हणालो होतो.