विश्रांती कोणाच्या वाट्याची?

मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या धर्मग्रामातील एका कुटुंबाबरोबर आम्ही सोमवार ते बुधवार असे तीन दिवस भंडारदऱ्यास जाऊन आलो. प्रवरा नदीवरील तेथील धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्यामागे पसरलेला जलाशय आज निसर्गाचेच सरोवर वाटावे इतका त्या डोंगरांत मिसळून गेला आहे. मुलांनी वसईहून गाडीच्या टपावर बांधून सायकली नेल्या होत्या. सकाळी काठच्या रस्त्याने सायकली पिटाळायच्या आणि ऊन उतरले की गळ टाकून पाण्याशी बसायचे, असा त्यांचा नेम ठरला. एरवी पहाटेची लोकल गाठण्याच्या घाईत मुलांशी दोन शब्दही न बोलणारे त्यांचे वडील गळाला कणकेची गोळी कशी लावायची हे दाखवत तासन्‌तास त्यांच्याजवळ बसून राहिले. ते पाहून आम्हांला समाधान वाटले.

विरंगुळा म्हणजे वेळेचा अपव्यय, अशी समजूत आपल्या कष्टाळू समाजात अजूनही आढळते. तेराव्या शतकातील थोर धर्मपंडित संत थॉमस अक्विनास यांना ती मान्य नव्हती. ‘सुम्मा थिऑलॉजिए’ या ग्रंथात त्यांनी खेळ व विनोद यांचा विचार सद्गुणांच्या प्रकरणात केला आहे. धनुष्य सदैव ताणलेले ठेवले तर ते मोडते, तसेच मनाचेही होते, हा संत योहानाविषयीचा जुना दृष्टांत ते देतात. स्वतः कधी न हसणारा आणि इतरांच्या आनंदावर विरजण घालणारा मनुष्यही दोषास पात्र ठरतो, असे त्यांचे मत आहे. तेव्हा सुट्टी घेण्यात पाप नाही. प्रश्न निराळाच आहे, आणि तो आम्हांला तळ्याकाठी भेटला.

दुसऱ्या दिवशी धाकट्याच्या गळाला मासा लागला. “पप्पा, सोडून देऊ या ना त्याला,” तो म्हणाला. जवळच त्याच्याच वयाचा एक स्थानिक मुलगा बांबूच्या काठीचा गळ धरून बसला होता. तो चटकन म्हणाला, “सोडता कशाला? मला द्या. घरी कालवण होईल.” धाकट्याने मासा त्याला दिला आणि सायकलवर एक फेरी मारण्याचा आग्रह केला. त्या मुलाने सायकलीकडे बराच वेळ पाहिले. मग म्हणाला, “अंधार पडायच्या आत अजून दोन तरी मिळायला हवेत.” आणि पुन्हा पाण्याकडे वळला.

पाणी तेच, मासे तेच. पण एकाचा जो खेळ होता ते दुसऱ्याचे काम होते. यात अपराध कोणाचाच नव्हता. आपल्या पाचूबंदरच्या बांधवांनाही मासेमारीला करमणूक म्हटलेले ऐकून हसूच येईल. गालीलचे सरोवर पेत्र व आंद्रेया यांच्यासाठी सहलीचे ठिकाण नव्हते. रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हाताने परतणे म्हणजे काय, हे पेत्राला ठाऊक होते. असे शिष्य थकून आले, त्यांना जेवायलाही सवड मिळेना, तेव्हा प्रभूने त्यांना होडीतून एकांती नेले, असे संत मार्क सांगतो. तेथेही लोक येऊन पोहोचले, आणि प्रभूला त्यांचा कळवळा आला. त्याच्या विश्रांतीचे दार परक्याला बंद नव्हते.

शब्बाथाची आज्ञा आपण ‘मी विश्रांती घ्यावी’ एवढ्याच अर्थाने वाचतो. अनुवादाच्या पाचव्या अध्यायात मात्र त्या आज्ञेत दास आहे, दासी आहे, बैल व गाढव आहे, वेशीच्या आत राहणारा परका आहे. घरधन्याप्रमाणेच त्यांनाही विसावा मिळावा, आणि आपण मिसर देशात दास होतो याची त्याने आठवण ठेवावी, असे तेथे कारण दिले आहे. म्हणजे आपली विश्रांती पवित्र झाली की नाही, हे आपल्याजवळ राबणाऱ्याच्या वाट्याला काय आले यावरून ठरते.

शेवटच्या संध्याकाळी ओसरीवर मिस्सा झाल्यावर मुलांच्या आईने विचारले, “फादर, आम्ही इकडे आलो की कामाच्या बाईचा तेवढ्या दिवसांचा पगार कापतो. ते बरोबर आहे का?” उत्तर आमच्या ओठांवर होते, पण ते तेथेच थांबले. आमच्या निवासात स्वयंपाक करणाऱ्या बाईंचा रविवार हाच सर्वांत कष्टाचा दिवस असतो. प्रभूच्या दिवसाचे महत्त्व आम्ही वेदीवरून सांगत असतो, तेव्हा त्या पाहुण्यांसाठी चुलीपुढे उभ्या असतात. इतक्या वर्षांत हे आमच्या ध्यानातही आले नव्हते. “बरोबर नाही,” आम्ही म्हणालो, “आणि आमचेही बरोबर नाही.”

सर्वांनी एकदम हात थांबवले तर रुग्णालये व रेल्वे कशी चालणार, असे कोणी विचारील. शंका रास्त आहे. आज्ञेचा आशय एवढाच की विश्रांतीच्या पाळीतून कोणी कायमचा वगळला जाऊ नये. आठवड्याची एक भरपगारी सुट्टी, आपण गावाला गेलो तरी न कापलेला पगार, एवढे तर आपल्या हाती आहे.

बाईंना आता रविवारी दुपारपासून सोमवार संध्याकाळपर्यंत सुट्टी असते. सोमवारची पेज आम्हीच करतो. ती बहुधा करपते. तळ्याकाठच्या त्या मुलाची संध्याकाळ मात्र आम्ही मोकळी करू शकलो नाही. त्याचे उत्तर एका निवासात किंवा एका कुटुंबात मिळणारे नाही. पण पुढच्या सुट्टीत गळ टाकताना त्याची आठवण आली, तर ती झटकून टाकू नये, एवढी आपणा सर्वांना विनंती.