काठ सगळ्यांचा

पुढच्या ऑगस्टमध्ये तळ्याकाठी चार दिवस राहायचं असेल, तर त्याची ठरवाठरव या सप्टेंबरातच करावी लागते. पेनसिल्व्हेनियाच्या स्टेट पार्कांमधल्या केबिनचं आरक्षण ११ महिने आधी खुलं होतं आणि पाण्याजवळच्या केबिनचे उन्हाळ्यातले शनिवार-रविवार बघता बघता संपतात. न्यू जर्सीतल्या आम्हा मराठी कुटुंबांत यावरून दरवर्षी कुरकुर होते. भारतातून आईबाबा कधी येणार ते ठरलेलं नाही, रजा मंजूर व्हायची आहे, मग इतक्या आधी सहल कशी ठरवायची? ‘दर वाढवा, पण ऐन वेळी जागा द्या,’ असं कुणीतरी म्हणतंच. मला या मागणीची भीती वाटते.

आमच्यापासून साधारण दोन तासांवर, पोकोनोच्या डोंगराळ भागात प्रॉमिस्ड लँड नावाचं स्टेट पार्क आहे. उंची सुमारे १,८०० फूट, त्यामुळे जुलैतही रात्री पांघरूण लागतं. तिथल्या दोन तळ्यांपैकी धाकट्या तळ्याच्या बाजूला, झाडीत, ‘बेअर वॉलो’ नावाच्या जेमतेम डझनभर केबिन आहेत. लाकडाच्या, बुटक्या, दगडी शेकोटीच्या. अंथरूण-पांघरूण आणि स्वयंपाकाची भांडी आपली आपण न्यायची. इतकी मागणी असताना आणखी पन्नास का बांधत नाहीत, असं पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटतं. पण पन्नास बांधल्या, तर ज्यासाठी लोक येतात तेच उरणार नाही.

या केबिन कुणी बांधल्या हे समजून घेण्यासारखं आहे. १९३३ साली अमेरिकेत मंदीनं कहर केला होता. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ ही योजना सुरू केली. बेकार, अविवाहित तरुणांनी छावणीत राहायचं, झाडं लावायची, रस्ते आणि बंधारे बांधायचे. महिन्याला ३० डॉलर मिळत, त्यातले सुमारे २५ थेट घरी पाठवले जात. १९४२ पर्यंत जवळजवळ तीस लाख तरुण या कामावर येऊन गेले. काळ्या तरुणांना बहुतेक वेगळ्या छावण्यांत ठेवलं गेलं, आणि बायकांना तर त्यात जागाच नव्हती. हेही त्या इतिहासात आहे. या तरुणांच्या हातांनी देशभरात शेकडो पार्कं उभी राहिली. प्रॉमिस्ड लँडच्या या केबिनही त्यांनीच बांधलेल्या.

मराठी माणसाला हे ऐकताना १९७२ चा दुष्काळ आठवल्याशिवाय राहत नाही. खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या लाखो हातांनी आपल्याकडे पाझर तलाव आणि रस्ते उभे केले, आणि त्यातूनच पुढे रोजगार हमीचा कायदा झाला. हलाखीतल्या माणसांच्या घामातून जे उभं राहतं, ते पुढे ज्याच्या खिशात जास्त पैसे त्यालाच मिळावं, हे मला कुठल्याही देशात पटणार नाही.

बरं, प्रॉमिस्ड लँडचं रानही मुळात राखलेलं नव्हतं. एकोणिसाव्या शतकात लाकूडवाल्यांनी या डोंगरांवरची झाडं तोडून नेली. मग १९०२ मध्ये सरकारनं ही उजाड जमीन विकत घेतली आणि तिच्यावर पुन्हा जंगल वाढू दिलं. तळंसुद्धा बांध घालून साठवलेलं. म्हणजे आपण ज्याला निसर्ग म्हणून बघायला जातो, ते कुणीतरी साठ-सत्तर वर्षं पुढचं पाहून ठरवलेलं आहे. त्याच्या तुलनेत आपले ११ महिने काहीच नाहीत.

पेनसिल्व्हेनियातच १९५५ पासून जवळपास पाव शतक वनखात्याची आणि पुढे पर्यावरणखात्याची धुरा वाहणारे मॉरिस गोडार्ड यांनी एक उद्दिष्ट धरलं होतं : प्रत्येक नागरिकाच्या घरापासून २५ मैलांच्या आत एक स्टेट पार्क हवं. आज तिथे १२० हून अधिक पार्कं आहेत आणि एकाही पार्कात शिरायला तिकीट नाही. १९७१ मध्ये राज्याच्या घटनेत दुरुस्ती होऊन असं लिहिलं गेलं, की सार्वजनिक निसर्गसंपत्ती ही सर्व लोकांची सामायिक मालमत्ता आहे आणि त्यात अजून जन्माला न आलेल्या पिढ्याही धरलेल्या आहेत. त्याच पोकोनोमध्ये अशीही तळी आहेत, ज्यांच्या काठावर फक्त तिथल्या घरमालकांना आणि त्यांच्या पाहुण्यांना पाय ठेवता येतो. गाडीतून पाणी दिसतं, उतरता येत नाही.

जागा थोडी आणि माणसं खूप असली, की वाटप कशानं तरी करावंच लागतं. दर चढवत नेले, तर बँकेतला अधिकारी आत जाईल आणि गोदामात माल चढवणारा बाहेर राहील. रांग लावली, तर दोघांना सारखंच थांबावं लागेल. म्हणून मला रांगच न्याय्य वाटते. मात्र ती पुरती निर्दोष आहे असं मी म्हणणार नाही. ज्याला पुढच्या पंधरवड्याची पाळी या शुक्रवारी कळते, तो पुढच्या ऑगस्टची तारीख कुठून अडवणार? तिथे पुन्हा पगारी रजा असलेले आपणच पुढे असतो. काही जागा ऐन वेळच्या लोकांसाठी राखून ठेवाव्यात, असं माझं मत आहे.

ठरवाठरवीतल्या बारीकसारीक गोष्टींतही ही जागा सगळ्यांची आहे, हाच विचार असतो. शेकोटीचं लाकूड घरून नेऊ नका, तिथलंच घ्या, असं सांगतात. कारण पाचूसारखा हिरवा एक आशियाई भुंगेरा ॲश वृक्षांच्या सालीखाली अळीरूपानं पोखरत राहतो. २००२ मध्ये मिशिगनमध्ये तो सापडला आणि तेव्हापासून त्यानं कोट्यवधी झाडं मारली. त्याच्या फैलावाला मोठा हातभार लागला तो मोटारीच्या डिकीतून फिरणाऱ्या सरपणाचा. निघताना खुर्च्यांचे पाय आणि गाडीची खालची बाजू पाहावी. वाळल्या चिखलाचा पट्टा दिसला, तर ती लँटर्नफ्लाय या किडीची अंडी असू शकतात, खरवडून टाकावीत. संध्याकाळी मुलांचे गुडघे, कानामागची जागा आणि केसांची मुळं नीट तपासावीत. लाइम रोग पसरवणारी कोवळी गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते. रात्री खाणं बाहेर ठेवू नये, कारण अस्वलाला एकदा माणसाच्या डब्याची सवय लागली, की शेवटी जीव अस्वलाचाच जातो.

आता आपल्याच माणसांना एक विनंती. आपल्या गटांत ‘असू दे’ म्हणून दोन-तीन तारखा अडवून ठेवण्याची पद्धत पडली आहे. मग दिवाळीच्या गप्पांत बेत बदलतो, कुणी भारतात जातं, आणि थोडं शुल्क कापलं जाईल म्हणून किंवा नुसत्या आळसानं आरक्षण तसंच राहतं. ऐन उन्हाळ्यात केबिन कुलूपबंद राहते. एक तारीख ठरवा आणि बाकीच्या सोडा. आणि जाणं जमणार नाही असं कळलं, की त्याच संध्याकाळी आरक्षण रद्द करा. ती जागा मोकळी झाली का, हे कुणीतरी रोज पाहत असतं.